मिनिटाला ४५ शब्द

मी गोदीत हमाली करतो आणि कविता लिहितो. मॅट्रिक आहे. मॅट्रिकला गणितात ४१ मार्क पडले होते, ते अजून मिरवतो, कारण आमच्या खानदानात त्याआधी कुणाला मार्क पडलेच नव्हते. आज्याचा अंगठा, बापाची सही, खलास. तेव्हा हा हमाल शिक्षणावर काय लिहितोय म्हणून कुण्या प्राध्यापकाच्या भुवया वर जाणार असतील तर खुशाल जाऊ द्यात. मी लिहितोय ते पहिली-दुसरीतल्या पोरांबद्दल. त्यांना किती येतं हे कोण, कसं आणि कशाला मोजतं त्याबद्दल. क्रांतीच्या गप्पा मारणाऱ्या आपल्या पोरांना हा विषय बायकी वाटतो, बालवाडीछाप वाटतो, हे मला ठाऊक आहे. तरी वाचा.

झालं असं. रातपाळी करून सकाळी घरी आलो तर दुसरीतली भाची दप्तर फेकून उंबऱ्यावर बसलेली. शाळेत जायची नाही म्हणते. ताई धपाटा घालायच्या बेतात. मी विचारलं, काय झालं गं? तर म्हणाली, ''मामा, मी कच्ची हाय.''

कच्ची म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. लपाछपीत लहान पोराला 'कच्चं लिंबू' करतात. तो खेळात असतो पण त्याच्यावर राज्य येत नाही. तो धरला काय, सुटला काय, सारखंच. वर्गात तीन रांगा केल्यात. भिंतीकडची हुशार, मधली मधली, आणि खिडकीकडची राहिलेली. माझी भाची खिडकीकडं. सात वर्षांच्या पोरीला स्वतःची जागा पक्की समजलीय. आम्हाला समजायला मॅट्रिकपर्यंत जावं लागलं.

शनिवारी मी शाळेत गेलो. शाळेचं नाव लिहीत नाही, बाईंचंही नाही. बाई तरुण होत्या, आपल्याच वयाच्या. त्रेचाळीस पोरं समोर. कायद्यात शिक्षकामागं तीस लिहिलीत. बाईंनी मला बसायला खुर्ची दिली, हेही लिहितो, कारण माझ्या बापाला माझ्या शाळेत कुणी दिली नव्हती. मी म्हटलं, बाई, पोरगी कच्ची कशावरून? त्यांनी कागद काढून दाखवला.

वाचनाची चाचणी होती. कागदावर एक उतारा, मोबाईलमध्ये घड्याळ. पोरीनं एक मिनिट मोठ्यानं वाचायचं, बाईंनी चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारायची, बरोबर आलेले शब्द मोजायचे. उतारा गावाबाहेरच्या विहिरीचा. विहिरीला खूप पाणी आहे, सगळे लोक पाणी भरायला येतात, असं काहीतरी. रेघा कुठं होत्या? 'विहीर'खाली. पोरीनं 'इहीर' वाचलं. 'आहे'खाली. पोरीनं 'हाय' वाचलं. 'पाणी'खाली तीनदा. तीनदा 'पानी'. आणि 'खूप'खाली ठसठशीत रेघ. पोरीनं 'खूप'च्या जागी 'लई' वाचलं होतं. खाली बाईंच्या अक्षरात नोंद : 'मधेच थांबते. अनावश्यक प्रश्न विचारते.'

मी विचारलं, कोणता प्रश्न? बाई हसल्या. म्हणाल्या, ''सगळे लोक पाणी भरायला येतात हे वाचलं आणि थांबली. मला विचारते, बाई, ही इहीर कुनाची हाय? घड्याळ चालू होतं हो. मी म्हटलं पुढं वाच. मग गप्प बसली.''

दोस्तांनो, इथं मला थोडं थांबू द्या.

माझा आजा ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबईला आला. आज्जी अजून आहे. रात्री पोरांना गावच्या गोष्टी सांगते. तिच्या गोष्टीत नुसती विहीर कधीच नसते. पाटलाची विहीर असते, माळ्याची असते, आपली नसते. कोण वरून वाढायचं, कोण खाली ओंजळ धरायचं, हे असतं. ही पोर त्या गोष्टी ऐकत झोपते. तिच्यासमोर कागद आला की विहिरीवर 'सगळे लोक' येतात. ती थांबली. ती थांबली कारण तिला कळलं. कळलं नसतं तर भडाभडा वाचून गेली असती, ४५ शब्द पुरे केले असते, आणि भिंतीकडच्या रांगेत बसली असती.

आणि 'लई'चं काय? डोळ्याला 'खूप' दिसलं, तोंडातून 'लई' आलं. अक्षरं न येणाऱ्या पोराला हे जमणार नाही. 'खूप' हा शब्द वाचून, त्याचा अर्थ पोटात जाऊन, घरच्या भाषेत तो बाहेर पडला. हे भाषांतर आहे. साहित्यिकांना त्याचे पुरस्कार मिळतात. माझ्या भाचीला रेघ मिळाली.

न आणि ण चं तर काय सांगावं. या एका अक्षरानं आपल्या किती पिढ्या नोकरीच्या दारातून परत पाठवल्या त्याची मोजदाद कुणी केलेली नाही. माणूस तोंड उघडतो, पानी म्हणतो, आणि समोरच्याला जे आडनाव विचारून कळलं असतं ते न विचारता कळतं. तो फिल्टर आता दुसरीच्या वर्गात बसवलाय. घड्याळ लावून.

आता मी सरकारच्या नावानं शिमगा करून मोकळा होऊ शकतो. टाळ्या पडतील. पण गोदीत काम करणाऱ्या माणसाला तेवढ्यावर थांबता येत नाही, कारण मोजणं ही आमची भाकरी आहे.

बोटीतून गोणी उतरतात तेव्हा टॅली क्लार्क उभा असतो. एकेक स्लिंग वर येते, तो रेघा मारतो. चार उभ्या, एक आडवी. त्याची टॅली चुकली की टोळीची मजुरी बुडते. म्हणून आमच्यातला एक जण बाजूला उभा राहून मनातल्या मनात मोजतच असतो. ज्याचं मोजलं जात नाही त्याचं लुटलं जातं, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. म्हणून जे गोरेगोमटे शिक्षणतज्ज्ञ म्हणतात की लहान मुलांना मोजूच नका, फुलपाखरांना कसली परीक्षा, त्यांचं ऐकून माझं डोकं फिरतं. त्यांच्या पोराला वाचता येत नसेल तर रात्री जेवणाच्या टेबलावर त्याच्या आईला कळतं, आणि दुसऱ्या दिवशी शिकवणी लागते. आमच्या घरी कुणाला कळणार? ताई धुणीभांडी करून नऊला येते. तिला वाचता येत नाही. शाळेनं सांगितलं नाही तर तिला पोरीचं काही कळणारच नाही.

माझ्या धाकट्या भावाचं हेच झालं. तो २००९ ला पहिलीत गेला. २०१० च्या १ एप्रिलपासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करायचं, असं ठरलं. कायदा चांगला होता. मी आजही म्हणतो चांगला होता. नापासाच्या शिक्क्यानं शाळेबाहेर फेकलेली आपली पोरं मी मोजलीत. पहिली-दुसरीला शंभरातले सत्तर गुण वर्षभराच्या कामावर आणि तीस शेवटच्या चाचणीवर. शिक्षकानं पोराचं निरीक्षण करायचं, तोंडी बोलायला लावायचं, काहीतरी करायला लावायचं, आणि मग त्या पोराबद्दल स्वतःच्या शब्दांत नोंद लिहायची. कागदावर यापेक्षा शहाणी गोष्ट मी पाहिलेली नाही.

प्रत्यक्षात नोंदींची तयार पुस्तकं दुकानात मिळायला लागली. भावाची प्रगतिपत्रकं आईनं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलीत. मी परवा काढून वाचली. 'वाचनात रुची घेतो.' 'चित्रे छान काढतो.' 'मित्रांशी मिळून मिसळून वागतो.' श्रेणी ब-१, ब-२, एका वर्षी तर अ-२. वर्षामागून वर्षं. आई ती कार्डं शेजारणींना दाखवायची. आणि मी सांगतो, तो पोरगा आठवीत असताना वर्तमानपत्राची एक बातमी सरळ वाचू शकत नव्हता. त्याला कुणी नापास केलं नाही, कुणी मारलं नाही, कुणी जातीवरून हिणवलं नाही. फक्त कुणी बघितलं नाही. नववीत खरी परीक्षा आली आणि तो बुडाला. आता तो पार्सलं पोचवतो. पत्ता वाचायला मोबाईल बोलतो. परवा मला म्हणाला, ''दादा, मला कुनी सांगितलंच न्हाई की मला येत न्हाई.''

भाचीला येत असून नाही म्हटलं, भावाला येत नसून हो म्हटलं. दोन्ही वेळा कागद भरला गेला. पोराकडं कुणी पाहिलं नाही.

आपले दोन बाप या भानगडीत फार आधी हात घालून गेलेत, आणि आपण त्यांच्या फोटोला हार घालण्यात गुंग आहोत. १८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा हे त्यातलं सगळ्यांना पाठ. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. त्या काळी निकालावर पैसे देण्याची पद्धत होती. साहेबाच्या देशात ती १८६२ पासून होती : तपासनीस यायचा, पोरांची वाचन, लेखन, गणिताची परीक्षा घ्यायचा, पास होतील तितकं शाळेला अनुदान. तिथले मास्तर पोरांकडून वाचनाचं पुस्तकच पाठ करून घ्यायचे. जोतीरावांनी स्पष्ट सांगितलं की ही निकालाची पद्धत गरीब, अडाणी ठेवलेल्या लोकांत चालणार नाही. अशा वस्तीत कुठलाही मास्तर स्वतःच्या हिमतीवर शाळा काढणार नाही, कारण त्याचं पोटच भरणार नाही. विचार करा. पोराचा निकाल आणि मास्तरचं पोट एका दोरीला बांधलं की मास्तर आपल्या पोरांपासून पळणार, हे या माणसानं तेव्हाच ओळखलं. आज पैसे निकालावर नाहीत, पण शाळेचं नाव, साहेबाची नजर, जिल्ह्याचा क्रमांक आहे. दोरी तीच.

आणि बाबासाहेब. १२ मार्च १९२७. मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर भाषण. आठच दिवसांनी महाडचं तळं आहे, ध्यानात घ्या. त्या गडबडीत हा माणूस कौन्सिलात उभा राहून हिशेब मांडतो की प्राथमिक शाळेत गेलेल्या शंभर पोरांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात आणि ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. शाळेत किती घातले ते मोजू नका, साक्षर होऊन किती बाहेर पडले ते मोजा, असा त्याचा अर्थ. हीसुद्धा टॅलीच. फक्त कुणाला जाब विचारायचा याचा पत्ता बरोबर. पोराला नाही, सरकारला.

हाच आकडा आज काढला तर? पोरं शाळेत असतात, हजेरीपटावर असतात, ब्याऐंशी गळत नाहीत. वर्गात बसून निरक्षर राहतात. 'असर' नावाचा सर्व्हे २००५ पासून निघतो. कार्यकर्ते गावात घरोघर जातात, उंबऱ्यावर पोरासमोर कागद ठेवतात. अक्षर, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट. तिसरीतल्या शंभर पोरांपैकी दुसरीची गोष्ट वाचणारी देशात २०१८ साली २७ होती. करोनानंतर २०२२ मध्ये २० वर आली. २०२४ ला परत २७. म्हणजे आता वर आलो म्हणून पेढे वाटायचे ते शंभरातल्या त्र्याहत्तर पोरांना वाचता येत नसताना. पण या सर्व्हेची एक गोष्ट मला आवडली. तिथं हातात घड्याळ नसतं. पोरगं हळू वाचलं तरी चालतं, दोन-तीन चुका माफ असतात. आणि एक गोष्ट खटकली : तो फक्त खेड्यांचा आहे. रे रोड, शिवडी, दारूखाना इथल्या झोपड्या त्या शंभरात धरलेल्याच नाहीत.

घड्याळ आलं २०२१ नंतर. निपुण भारत. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक पोराला वाचता आणि हिशेब करता आलंच पाहिजे असं ध्येय. ध्येयाशी माझं भांडण नाही, उलट मी म्हणतो इतकी वर्षं काय झोपला होता. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीत किमान ६०. पण मूळ कागदात लिहिलंय की ते समजून वाचायचं. 'समजून' हा शब्द दिल्लीहून निघाला तेव्हा होता. पुणे, मग वॉर्ड ऑफिस, मग मुख्याध्यापक, असं करत तो आमच्या खिडकीकडच्या रांगेपर्यंत आला तेव्हा वाटेत कुठंतरी गळून पडला. आकडा तेवढा पोचला. आकडा कायम पोचतो, त्याला हातपाय असतात. बाईंनी मला तेच सांगितलं : ''दादा, मला मोबाईलवर भरायला एकच रकाना आहे. शब्द किती? तिनं प्रश्न काय विचारला ते मी कुठल्या रकान्यात भरू?'' बाईंचं चुकलं नव्हतं असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या जागी त्रेचाळीस पोरं घेऊन मी बसलो असतो तर मी तरी काय दिवे लावले असते?

२०२२ साली दिल्लीच्या एनसीईआरटीनं तिसरीच्या सुमारे ८६ हजार पोरांची एकेकाला समोर बसवून तपासणी केली. वीस भाषांत. प्रत्येक भाषेला वाचनाच्या वेगाची पट्टी वेगळी लावली, कारण लिपी वेगळी, शब्दांची लांबी वेगळी. शाबास. भाषा वेगळी तर पट्टी वेगळी हे पटलं तर मग आमचा सवाल ऐका : मराठीच्या पोटात ज्या मराठ्या आहेत त्यांचं काय? आज्जीची मराठी, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, आणि मुंबईच्या वस्तीतली ही सगळ्यांची मिळून झालेली खिचडी? दुसरीतल्या पोराला पुस्तकी मराठी शिकवायची, जरूर शिकवायची, मला हे लिहिता येतंय ते तिच्याच जोरावर. पण तिला ती अजून शिकवायची बाकी आहे हा एक निकाल झाला, आणि तिला वाचता येत नाही हा दुसरा. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रेघ दोन्हीला सारखीच मारली.

आमच्या अभ्यासवर्गात इंग्रजी येणारा एक साथी आहे. त्यानं वाचून दाखवलेली एक हकिकत. न्यूयॉर्कचं हार्लेम, काळ्यांची वस्ती, साठीचं दशक. विल्यम लाबोव्ह नावाचा भाषेचा अभ्यासक. तेव्हा तिथले पंडित म्हणत, काळ्या पोरांना भाषाच नाही, विचारलं तर एका शब्दात उत्तर देतात. लाबोव्हच्या बरोबर काम करणारा क्लॅरेन्स रॉबिन्स हा हार्लेममध्येच वाढलेला काळा माणूस. त्यानं आठ वर्षांच्या लिऑनला बसवून प्रश्न विचारले. पोरगं 'नाही', 'माहीत नाही' यापुढं जाईना. आपल्याच माणसासमोर! कारण समोर माणूस कुठलाही असो, चाचणी ती चाचणीच, आणि पोराला ठाऊक की इथं बोललो की फसलो. मग रॉबिन्सनं काय केलं? पुढल्या वेळी बटाट्याच्या वेफर्सची पिशवी आणली, लिऑनच्या जिगरी दोस्ताला बोलावलं, आणि स्वतः फरशीवर मांडी ठोकून बसला. एवढंच. तर ते मुकं पोरगं दोस्ताबरोबर भांडायला लागलं, एकमेकांचं तोडत बोलायला लागलं, थांबेना. बुद्धी तीच, तोंड तेच, आठवडाही कदाचित तोच. फक्त मोजणारा खुर्चीवरून खाली उतरला.

हे ऐकून टाळ्या वाजवण्याआधी दुसरंही ऐका. उत्तर प्रदेशात खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या पोरांना कोडी सोडवायला दिली होती. कागदावरचा भूलभुलैया, त्यातून वाट काढायची. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा खालच्या-वरच्या पोरांत फरक निघाला नाही. मग सगळ्यांसमोर एकेकाचं नाव, गाव, बाप, जात वाचून दाखवली, आणि आपली पोरं घसरली. अभ्यास २००६ साली छापून आलाय. आणखी एक, २०१२ सालचा. पोरांच्या उत्तरपत्रिका शिक्षकांना तपासायला दिल्या आणि त्यावर जाती कुठल्याही, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा, लिहिल्या. खालची जात लिहिलेल्या पेपराला थोडे कमी मार्क पडले. फार नाही, थोडे. पण ते कमी मार्क देणारे कोण निघाले? वरच्या जातीचे नव्हे. खालच्या जातींतून आलेले तपासनीस. बसली ना चपराक? मलाही बसली होती. शिकून वर गेलेला आपला माणूस आपल्याच पोराचा पेपर हातात घेतो तेव्हा त्याचं पेन कशाला थरथरतं, यावर कविता लिहायचा मी दोनदा प्रयत्न केला. जमली नाही.

म्हणजे बाईंच्या जागी आपल्यातली बाई बसवून प्रश्न सुटत नाही. जात कोणाची हे महत्त्वाचं आहेच, पण खुर्ची, घड्याळ आणि एकच रकाना यांचीही एक जात असते.

रांगांबद्दल थोडं बोलायचं राहिलं. ज्याला जेवढं येतं तिथून शिकवायचं, त्यासाठी दिवसातला तास-दोन तास पोरांचे गट करायचे, ही युक्ती चांगली आहे. देशात ठिकठिकाणी तिचा उपयोग दिसलाय. पण गट तासाभराचा असेल तरच. पोरगं अक्षराच्या गटातून शब्दाच्या गटात महिन्याभरात सरकलं पाहिजे. न सरकणारी रांग म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती, दुसरं काय. मी बाईंना विचारलं, या वर्षी खिडकीकडून मधल्या रांगेत किती गेले? त्यांनी आठवून पाहिलं. म्हणाल्या, एक. तोही बाप बदली होऊन आलेला.

आणि वर नापासाचं भूत परत आलंय. २०१९ ला कायदा बदलला, २०२३ ला महाराष्ट्रानं पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा लावली. नापास झाला तर पुन्हा परीक्षा, त्यातही गेला तर त्याच वर्गात. आपल्या वस्तीतली माणसं म्हणतात, बरं झालं, धाक पाहिजे. भावाचं डोळ्यांसमोर असल्यामुळं मलाही क्षणभर बरं वाटलं होतं. पण गोदीचा हिशेब लावून बघा. शेडमध्ये गोण काट्यावर टाकली आणि वजन कमी भरलं तर आम्ही गोणीला नापास करत नाही. सर्व्हेअर येतो, गोण फिरवून फिरवून बघतो. शिवण उसवली का? कुणाचा हुक लागला? बोटीतच भिजली होती का? गळती सापडली की ज्याच्या हाताखाली गळाली त्याच्या नावावर लागते. पाचवीत कमी भरलेलं पोर पहिली-दुसरीत गळालेलं असतं. त्याला पाचवीत परत बसवून पहिलीची शिवण कशी शिवणार? आणि पहिलीत त्याला हात लावणारे सगळे बढती घेऊन पुढं गेलेले.

मग करायचं काय, असं तुम्ही विचाराल. मोर्चा? काढू, पण मोर्च्याला एक दिवस पुरतो आणि याला रोज लागतो.

कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे. शंभरात पंचाहत्तर सभासद पालक असायला पाहिजेत, निम्म्या बायका पाहिजेत, आणि आपल्यासारख्यांच्या पोरांच्या आईबापांना प्रमाणात जागा पाहिजेत. किती जणांच्या आया या समितीवर आहेत ते आपल्या वस्तीत विचारा. बहुतेकींना सही करायला बोलवतात आणि चहा पाजतात. माझी ताई समितीवर आहे हे मला त्या शनिवारी कळलं. तिलाही अर्धवटच माहीत होतं. तिला वाचता येत नाही, पण पोरगं वाचतंय की पाठ म्हणतंय हे तिला कळतं. पुस्तक बंद करून विचारलं की कळतं. अशी आई बैठकीत उभी राहून एवढंच म्हणाली की 'नोंद नको दाखवू बाई, पोरीला माझ्यासमोर वाचायला लाव, आणि मधी थांबली तर थांबू दे', तर त्या समितीचा चहा कडू होईल. पुढच्या बैठकीला ताई जाणार आहे. त्या दिवसाचा तिचा एका घरचा खाडा मी भरून देणार आहे.

आणि आपल्या अभ्यासिकेत, जिथं आपण स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन रात्र जागवतो आणि मार्क्स-आंबेडकर करतो, तिथं संध्याकाळी सहा ते सात पहिली-दुसरीची पोरं बसवायची. शिकवायचं नंतर बघू. आधी ऐकायचं. एका पोराला एक वही. त्याच्यापुढं अक्षर, मग शब्द, मग चार ओळी, मग गोष्ट. फरशीवर बसून. दोस्ताला बरोबर घेऊन. काय वाचलं, कुठं अडलं, घरच्या शब्दात काय म्हणालं, काय विचारलं, हे तारीख टाकून लिहायचं. महिन्यानं तीच वही काढून पुन्हा. एका पोराला दहा मिनिटं. दहा पोरं असली तरी आपल्यापैकी दोघांची एक संध्याकाळ. आणि पोरानं अमुक एक वाचलं नाही तर त्याच्या वहीत नाही, आपल्या नावापुढं लिहायचं. आमच्या टोळीतल्या त्या मनात मोजणाऱ्या माणसासारखी, ही आपली टॅली. शाळेच्या टॅलीशी जुळली नाही तर दोन्ही कागद घेऊन शाळेत जायचं. भांडायला नव्हे, जुळवायला. नाही जुळवलं तर मग भांडायला.

मी सुरुवात केली. गेल्या रविवारी भाचीला आणि तिच्या मैत्रिणीला घेऊन बसलो, अर्धा किलो शेंगा मधे ठेवल्या. तोच विहिरीचा उतारा बाईंकडून मागून आणला होता, बाईंनी दिला. मोबाईल आज्जीकडं दिला होता, म्हणजे घड्याळ बघायचा मोहच नको. भाचीनं वाचलं. इहीर, पानी, लई, सगळं तसंच. 'सगळे लोक'पाशी आली, थांबली, आणि मान वर करून आज्जीकडं बघत राहिली. मैत्रीण म्हणाली, ''वाच की गं.''

आज्जी म्हणाली, ''थांब. आदी मला सांगू दे ती कुनाची व्हती.''

वहीत मी तारीख टाकली. पुढं दीड पान लिहिलं, त्यात शब्द किती ते लिहायचं राहून गेलं.